बंदुकीचा परवाना, चॅप्टर केस आणि दीडशे वर्षांची गोष्ट

निवडणूक जाहीर झाली की माझे आजोबा ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळायचे आणि पोलीस ठाण्यात जमा करून यायचे. मी लहान होतो. मला वाटायचं, आजोबांनी असा काय गुन्हा केलाय?

हे आठवलं कारण परवा आमच्या वाडीतले एक काका भेटले. रानडुकरं भात लोळवतात म्हणून त्यांच्याकडे शेतसंरक्षणाची बंदूक आहे. परवान्याचं नूतनीकरण अडलंय. कारण काय, तर बांधाच्या भांडणातली जुनी चॅप्टर केस. "म्हणजे मी आता जन्माचा गुन्हेगार काय रे?" असं त्यांनी विचारलं. उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

1878 साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना लागायचा, युरोपियनांना त्यातून सूट होती. माणसाची वागणूक कशी आहे, यापेक्षा तो कुणाच्या पोटी जन्मला हे मोठं ठरलं. त्याआधी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय केली होती.

म्हणूनच शस्त्र कायद्यावर काँग्रेसचा राग होता. 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांचा मूलभूत हक्क म्हणून घातला गेला. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी तो संविधानात यावा म्हणून घटना समितीत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. ती मागणी परक्या सरकारच्या काळातली होती, आता परिस्थिती बदलली आहे. प्रत्येकाला बाजारातून हवं ते हत्यार घेता आलं तर राज्य चालवणंच अशक्य होईल, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्ती पडली. त्यामुळे आपल्याकडे बंदूक हा मूलभूत हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे.

पुढे 1952 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि 1959 मध्ये नवा शस्त्र कायदा आला. आता जन्म बघायचा नाही, माणसाने काय केलं ते बघायचं. या कायद्याचं कलम 9 नीट वाचा. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून 5 वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी बंधपत्र द्यायचा आदेश झाला असेल, म्हणजे आपली चॅप्टर केस, तर त्या बंधपत्राची मुदत संपेपर्यंत मनाई. म्हणजे दोन्ही मनाया मुदतीच्या आहेत, जन्मभराच्या नाहीत. आणि नुसती नोटीस आली म्हणजे बंधपत्राचा आदेश झाला, असंही नाही.

मग काकांचं का अडलं? कलम 14 आणि 17 मुळे. सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली तर परवाना नाकारता येतो, निलंबित किंवा रद्दही करता येतो. त्याला शिक्षा झालेली असलीच पाहिजे असं नाही. जुना संशय परत आत शिरतो तो याच दारातून.

माझं मत स्पष्ट सांगतो. भांडणात कोयता उगारणाऱ्याच्या हातात बंदूक नकोच. आजोबांची बंदूक ठाण्यात जायची, त्यातही काही चूक नव्हती. पण शिक्षा, बंधपत्र आणि नुसता दाखल गुन्हा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच पोत्यात भरल्या, तर 1871 आणि आजमध्ये फरक तो काय राहिला?

काकांना म्हटलं, तुम्ही जन्माचे गुन्हेगार नाही. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. कायद्याने अधिकाऱ्याला कारण नोंदवावं लागतं, आणि कलम 18 खाली अपीलही करता येतं. अपिलाची मुदत मात्र चुकवू नका.

तुमच्याही गावात असं कुणाचं अडलं असेल, तर त्यांना एवढं तरी सांगा.