जपण्याला इंग्रजीत किती शब्द? ‘चेरिश’पासून ‘प्रोटेक्ट’पर्यंत
नागपूर, प्रतिनिधी

आजीने दिलेली पैठणी, जुने मित्र, वाड्यातले पिंपळाचे झाड आणि तब्येत, या सर्वांसाठी मराठी माणूस ‘जपणे’ हे एकच क्रियापद सहज वापरतो. इंग्रजीत मात्र या प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द येतो. एखाद्या गोष्टीचे मोल जाणणे, तिच्यावर जीव असणे आणि तिचे रक्षण करणे या तीन क्रिया इंग्रजीने वेगळ्या ठेवल्या आहेत. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना आणि अनुवादकांना हा भेद ठाऊक असणे आवश्यक आहेच. पण कायद्याच्या भाषेत तो आला की त्यावर जमिनीचे आणि जंगलाचे भवितव्यही ठरते. विदर्भाला याचा अनुभव आहे.

मोल जाणणारे शब्द

‘व्हॅल्यू’ हा या गटातील सर्वांत व्यापक शब्द. ‘बलवान असणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. ‘व्हॅलिड’ हा त्याचाच भाऊबंद. व्हॅल्यू करणे म्हणजे महत्त्व ओळखणे. त्यात भावना असेलच असे नाही. ‘एस्टीम’मध्ये आदर आहे आणि तो बहुधा व्यक्तीविषयी असतो. ठेकेदाराचे ‘एस्टिमेट’ही त्याच मुळातून निघाले आहे. ‘प्राइझ’ आणि ‘ॲप्रिशिएट’ हे दोन्ही शब्द किमतीशी जोडलेले आहेत. पहिल्यात दुर्मीळ वस्तू लाभल्याचा अभिमान आहे, तर दुसऱ्यात गुण ओळखून दिलेली दाद.

‘ट्रेझर’ हा शब्द ग्रीक भाषेतून, खजिना या अर्थाने आला. समानार्थी शब्दांच्या कोशाला ‘थिसॉरस’ म्हणतात, तेही याच खजिन्यावरून. आठवणी, पत्रे, भेटवस्तू ‘ट्रेझर’ केल्या जातात. ‘चेरिश’ या साऱ्यांत हळवा आहे. ‘प्रिय’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो बनला असून ‘चॅरिटी’चे मूळही तेच. अँग्लिकन पंथाच्या विवाहातील शपथेत हे क्रियापद आहे. किंमत शून्य असलेली वस्तूही ‘चेरिश’ करता येते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

राखणारे शब्द

‘प्रोटेक्ट’च्या मुळाशी ‘पुढे आच्छादन धरणे’ ही कल्पना आहे. त्यामुळे हा शब्द आला की बाहेरचा धोका गृहीत असतो. ‘गार्ड’ म्हणजे पहारा देणे. महापालिकेच्या प्रभागाला आपण ज्याने ओळखतो तो ‘वॉर्ड’, तसेच ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’ हे एकाच कुळातले. ‘सेफगार्ड’मध्ये संकट येण्याआधीच केलेली तजवीज अभिप्रेत असते.

‘प्रिझर्व्ह’ आणि ‘कन्झर्व्ह’ ही जोडी सर्वाधिक गोंधळाची. दोहोंचे मूळ ‘राखणे’ या अर्थाचे एकच लॅटिन क्रियापद आहे. पण ‘प्रिझर्व्ह’ म्हणजे आहे त्या स्थितीत टिकवणे. मुरांब्याच्या बाटलीवर हाच शब्द असतो आणि नागपुरी संत्र्याच्या स्क्वॅशमधील ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ला मराठीत ‘परिरक्षक’ म्हणतात. ‘कन्झर्व्ह’ म्हणजे उधळपट्टी टाळून, पुढच्या पिढीलाही पुरेल अशा बेताने वापरणे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन म्यूर यांनी निसर्ग अस्पर्श राखण्याचा, तर गिफर्ड पिंचॉट यांनी तो विवेकाने वापरण्याचा आग्रह धरला. हेच या दोन शब्दांमधील अंतर.

राज्यघटनेतील नेमकेपणा

हे शब्द एकत्र पाहायचे असतील तर राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्ये वाचावीत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क मध्ये स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श ‘चेरिश’ करायचे आहेत, संमिश्र संस्कृतीचा वारसा ‘व्हॅल्यू’ आणि ‘प्रिझर्व्ह’ करायचा आहे, पर्यावरण ‘प्रोटेक्ट’ करायचे आहे, तर सार्वजनिक मालमत्ता ‘सेफगार्ड’ करायची आहे. मराठी पाठात त्यासाठी अनुक्रमे जोपासना, मोल जाणणे, जतन आणि रक्षण असे शब्द आले आहेत. ‘प्रोटेक्ट’ व ‘सेफगार्ड’ या दोहोंसाठी मात्र मराठीला ‘रक्षण’ हाच शब्द पुरला. अनुच्छेद २९ मध्ये भाषा, लिपी व संस्कृती राखण्याच्या हक्कासाठी इंग्रजीत ‘कन्झर्व्ह’ आहे. वापरात असलेली भाषाच टिकते, हे ध्यानात घेतले की तो शब्द चपखल वाटतो.

वनखात्याची परिभाषा

राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्समधील वनभवनात आहे. तेथील पदनामांत हे शब्द रोज वावरतात. ‘कन्झर्व्हेटर’ म्हणजे वनसंरक्षक, ‘गार्ड’ म्हणजे वनरक्षक आणि ‘वाइल्डलाइफ वॉर्डन’ म्हणजे वन्यजीव रक्षक. मात्र १९८० च्या वन कायद्याच्या नावातील ‘कन्झर्व्हेशन’ला मराठीत ‘संवर्धन’ म्हटले गेले. एकाच इंग्रजी शब्दाला संरक्षण आणि संवर्धन असे दोन पर्याय रूढ झाले. २०२३ च्या दुरुस्तीत त्या कायद्याचे नाव बदलले, तेव्हा ‘संरक्षण’ आणि ‘संवर्धन’ हे दोन्ही शब्द नावात घेण्यात आले.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘रिझर्व्ह्ड’ म्हणजे राखीव आणि ‘प्रोटेक्टेड’ म्हणजे संरक्षित असे वनांचे वेगळे वर्ग आहेत. ऐकताना ‘संरक्षित’ अधिक कडक वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. राखीव वनात जे परवानगीने दिले नाही ते सारे निषिद्ध असते. संरक्षित वनात जे मनाई केले नाही ते सामान्यतः चालते. गुरे चारणाऱ्याला आणि सरपण आणणाऱ्या बाईला या एका विशेषणाचा फरक रोज जाणवतो. पुरातत्त्व कायद्यात मात्र ‘संरक्षित’ शब्द कडक आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या १०० मीटर परिसरात नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते.

कोशातला अर्थ आणि झुडपी जंगल

शब्दकोश थेट न्यायालयात पोहोचल्याचे उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन प्रकरणातील आदेश. ‘वन’ या शब्दाचा अर्थ कोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदींमध्ये ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा प्रश्न त्यातून चिघळला. झुडपे म्हणजे वन की पडीक, हा वाद अनेक वर्षे चालला. या जमिनींवर वस्त्या आणि शासकीय इमारतीही उभ्या होत्या.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच असल्याचा निर्वाळा दिला. १९९६ च्या आदेशापूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीने नियमित होण्याची वाट मोकळी ठेवली. वनाला लागून नसलेले, वाटप न झालेले, ३ हेक्टरपेक्षा लहान तुकडे ‘संरक्षित वन’ म्हणून जाहीर करण्यासही सांगितले. हजारो कुटुंबांची घरे अशा रीतीने एका शब्दाच्या अर्थाशी बांधली गेली.

कोणता शब्द केव्हा?

महत्त्व ओळखायचे असेल तर ‘व्हॅल्यू’, जीव लावायचा असेल तर ‘चेरिश’, ठेवा म्हणून सांभाळायचे असेल तर ‘ट्रेझर’. आहे तसे टिकवायचे तेथे ‘प्रिझर्व्ह’, जपून वापरायचे तेथे ‘कन्झर्व्ह’, धोक्यापासून वाचवायचे तेथे ‘प्रोटेक्ट’ आणि आधीच तजवीज करायची तेथे ‘सेफगार्ड’. मराठीतही जोपासणे, जतन करणे, राखणे, सांभाळणे, कदर करणे अशी समृद्ध शब्दसंपदा आहे. सरकारी कागदावर सही करण्यापूर्वी त्यात यांपैकी नेमका कोणता शब्द लिहिला आहे, एवढे पाहून घेतलेले बरे.