चोर सोडून संन्याशाला फाशी

गेल्या आठवड्यात ऑफिसमध्ये टेस्टिंगचं एक मशीन सारखं क्रॅश होत होतं. दर वेळी क्रॅश एकाच ठिकाणी, नेटवर्क ड्रायव्हरच्या एका फंक्शनमध्ये. मी दोन दिवस तो ड्रायव्हर ओळ न् ओळ वाचला, मनातल्या मनात लिहिणाऱ्याचा उद्धारही केला. तिसऱ्या दिवशी क्रॅशच्या लॉगमध्ये एका रजिस्टरकडे लक्ष गेलं: ६बी६बी६बी६बी. लिनक्स कर्नलमध्ये मेमरी डीबगिंग चालू असेल, तर परत केलेल्या मेमरीत हा बाइट भरून ठेवतात. म्हणजे मेमरी कुणीतरी आधीच परत केली होती, आणि बिचारा ड्रायव्हर ती अजून वापरत होता. परत कुणी केली होती? मीच. माझ्या मॉड्यूलनं एक पॅकेट सोडून दिलं होतं, जे ड्रायव्हरच्या रांगेत अजून उभं होतं!

तर मंडळी, यावरून २००८ सालचा एक किस्सा आठवला. तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे हा सगळा नंतर वाचलेला इतिहास. पण कर्नलच्या इतिहासात याच्याइतकी चांगली डिटेक्टिव्ह गोष्ट मी तरी वाचलेली नाही.

सप्टेंबर २००८. लिनक्सच्या २.६.२७ या कर्नलची चाचणी चालू होती. ओपनसुसे, फेडोरा, मॅन्ड्रिव्हा, उबुंटू अशा सगळ्यांच्या चाचणी आवृत्त्यांत तो येत होता. आणि अचानक लोकांची इंटेलची गिगाबिट नेटवर्क कार्डं मरायला लागली. हँग झाली, रीबूट केलं, चालू झाली, असं नव्हे. मेली ती मेलीच. ड्रायव्हरचं नाव ई१०००ई. तो सुरू होताना एवढंच सांगायचा की कार्डाच्या एनव्हीएमचा चेकसम चुकलाय.

हे एनव्हीएम म्हणजे वीज गेल्यावरही टिकणारी छोटी मेमरी. कार्डाचा मॅक ॲड्रेस आणि बाकीची सेटिंग्ज तिथं असतात. पहिल्या ६४ शब्दांची बेरीज (शब्द १६ बिटांचा) हेक्साडेसिमलमध्ये बी-ए-बी-ए यावी लागते. होय, चक्क 'बाबा'! बेरीज चुकली की ड्रायव्हर कार्डाला हात लावत नाही. आणि बिघाड मशीनच्या फ्लॅशमध्येच झालेला, त्यामुळे लिनक्स काढून दुसरं काही टाकलं तरी उपयोग शून्य.

आता तपास कसा करणार? नेहमीचा बग असला की आपण तो पुन्हा पुन्हा घडवून बघतो. कोणत्या बदलामुळे आला ते शोधायला जुने-नवे कर्नल चढवून निम्मे-निम्मे करत जातो. इथं बग घडला की कार्ड गेलं! उबुंटूनं तर चाचणी आवृत्तीत हा ड्रायव्हरच बंद करून टाकला.

साहजिकच पहिला संशय ई१०००ई वर. मेला तोच, मग चूक त्याचीच असणार. दुसरा संशय इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर, कारण काहींच्या मशीनवर आधी ग्राफिक्स कोसळलं होतं. इंटेलच्या इंजिनिअरांनी ड्रायव्हरमधल्या जागा घट्ट केल्या, आणि शेवटी कार्डाच्या त्या भागाला कुलूप घातलं. ड्रायव्हर सुरू होताना हार्डवेअरला सांगायचं, यापुढे इथं कुणाचंही लिखाण घेऊ नकोस. हे कुलूप घालून २.६.२७ ऑक्टोबर २००८ च्या ९ तारखेला बाहेर पडला. घर सुरक्षित झालं, पण चोर अजून मोकळाच.

चोर निघाला एफट्रेस. याच २.६.२७ मध्ये नव्यानं आलेली सोय, लेखक रेड हॅटमधले स्टीव्हन रोस्टेट. कर्नलमध्ये कोणतं फंक्शन कधी चाललं ते दाखवणं हे तिचं काम. नेटवर्कशी सुतराम संबंध नाही.

एफट्रेससाठी कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक ५ बाइटांचा कॉल घालतो. तो कायम चालू ठेवला तर कर्नल हळू होईल. म्हणून फंक्शन पहिल्यांदा चाललं की त्याचा पत्ता यादीत टिपायचा, आणि दर सेकंदाला एक कर्नल थ्रेड उठून यादीतल्या कॉलच्या जागी 'काहीही करू नको' ही सूचना लिहायचा. चालत्या कर्नलचा कोड बदलायचा म्हणून काळजीही घेतली होती. पत्त्यावर मेमरीच नसेल तर फॉल्ट पकडून पुढे जायचं. मेमरी असेल, पण तिथं अपेक्षित कॉल नसेल, तर बदल करायचा नाही. ही तुलना आणि बदल एका झटक्यात करणारी प्रोसेसरची सूचना वापरली होती, कम्पेअर-एक्स्चेंज.

आता बघा कसं जुळून आलं. मॉड्यूलचा फक्त सुरुवातीला लागणारा कोड काम झालं की मेमरीतून काढून टाकतात. त्याचा पत्ता एफट्रेसच्या यादीत मात्र तसाच. ३२ बिटांच्या इंटेल मशीनवर मॉड्यूलचा कोड आणि हार्डवेअरच्या रजिस्टरांचे पत्ते एकाच भागातून वाटले जातात. त्यामुळे रिकामी झालेली जागा लगेच ई१०००ई ला मिळू शकत होती, तीही फ्लॅश कंट्रोलरसाठी. भाडेकरू बदलला, पण कुरिअरवाल्याकडे जुनीच यादी.

थ्रेड उठला, तुलना केली, कॉल सापडला नाही. मग काही बिघडायला नको होतं ना? गोम इथंच आहे. तुलना चुकली तरी ही सूचना वाचलेलीच किंमत परत लिहिते. साध्या मेमरीत हे कुणाला कळणारही नाही, होतं तेच पुन्हा लिहिलं. पण हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये लिहिणं म्हणजे आज्ञा देणं. फ्लॅश कंट्रोलरनं ती आज्ञा पाळली.

१५ ऑक्टोबरला २.६.२७.१ निघाला, फक्त एफट्रेसचा हा भाग बंद करण्यासाठी. २.६.२८ मध्ये तो दर सेकंदाला उठणारा थ्रेड गेला आणि यादी कर्नल कंपाइल करतानाच बनवायला लागले. रोस्टेट यांनी पुढे आपल्या भाषणांतून हा किस्सा स्वतःच सांगितलाय.

मला यात सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? निष्काळजीपणा कुणीच केला नव्हता. काळजी घेतलेली होती, फक्त 'इथं मेमरीच असेल' हे गृहीत धरलं होतं. मेमरी करप्शनचं हेच वाईट. प्रेत जिथं सापडतं तिथं खुनी राहत नाही, आणि बाइटवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. जो कोसळला त्याच्याच कोडमध्ये आपण डोकं घालून बसतो, कारण लॉगमध्ये नाव त्याचं असतं. आपलं गृहीतक कुठल्याच लॉगमध्ये येत नाही.

आणि हो, माझ्या मॉड्यूलची चोरी मी पकडली कशी? पॅकेट कोण सोडतंय हे बघायला एफट्रेस लावला. तेव्हाचा चोर, आज पोलिसात :)

असो. आता त्या ड्रायव्हर लिहिणाऱ्याची मनातल्या मनात माफी मागतो, आणि चहा टाकतो.