ला पाझ: मोत्यांचे बंदर आणि परक्या नावा

मेक्सिकोच्या वायव्येस, प्रशांत महासागर आणि कॅलिफोर्नियाचे आखात यांच्यामधून सुमारे बाराशे किलोमीटर लांबीची जी अरुंद, कोरडी भूमी दक्षिणेकडे उतरते, तिला बाहा, म्हणजे ‘खालचे’, कॅलिफोर्निया म्हणतात. तिच्या आखाताकडील किनाऱ्यावर, दक्षिण टोकाजवळ, ला पाझ हे बंदर वसलेले आहे. या द्वीपकल्पाला आरपार जोडणारा सलग पक्का रस्ता १९७३ मध्ये पूर्ण झाला. तोवर धान्य, पत्रे, अधिकारी आणि आक्रमक हे सारे ला पाझला प्रामुख्याने समुद्रानेच येत. त्यामुळे या बंदराचा इतिहास म्हणजे तेथे कोण कोणाच्या नावेने आले, कोणाच्या परवानगीने आले आणि जाताना काय घेऊन गेले, याचाच इतिहास होय.

पहिली नोंदलेली युरोपीय नाव बंडखोरांची होती. मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसने स्पेनच्या राजसत्तेशी केलेल्या करारानुसार प्रशांत महासागरातील शोधमोहिमांचा खर्च त्याने स्वतःच सोसायचा होता, म्हणजे त्याची जहाजे राजाच्या नावाने पण खासगी पैशावर चालत होती. त्यांपैकी ‘कोन्सेप्सिऑन’ या जहाजावर १५३३ मध्ये फोर्तुन हिमेनेस या सुकाण्याने कप्तानाचा खून करून जहाज ताब्यात घेतले आणि ते ला पाझच्या उपसागरात आणले. तेथे तो स्थानिक लोकांच्या हातून मारला गेला, परंतु जिवंत परतलेल्यांनी मोत्यांची वार्ता नेली. ३ मे १५३५ रोजी स्वतः कोर्तेस येथे उतरला, जागेला त्याने सांता क्रूस असे नाव दिले, आणि अन्नाचा पुरवठा टिकवता न आल्याने ती वसाहत दोन वर्षांच्या आत मोडली. ‘शांतता’ या अर्थाचे आजचे नाव स्पॅनिश दर्यावर्दी सेबास्तियान विस्काइनोने १५९६ मध्ये दिले. त्यालाही येथे ठाण मांडता आले नाही.

यानंतरच्या शतकात राजसत्तेने सोयीचा मार्ग पत्करला: स्वतःच्या खर्चाने गलबते बांधणाऱ्या खासगी माणसांना मोती काढण्याचे परवाने द्यायचे आणि मिळालेल्या मालाचा ‘किंतो’, म्हणजे राजाचा पाचवा हिस्सा, वसूल करायचा. पाचवा हिस्सा मोजायला किनाऱ्यावर कायमचे ठाणे लागते, आणि ठाणेच उभे राहत नव्हते, ही या व्यवस्थेतील उघड विसंगती होती. येशूपंथी धर्मप्रसारकांनी १७२० मध्ये येथे स्थापलेले मिशनही बंड आणि रोगराई यांत खचले. १८२९ च्या पुरात लोरेतो हे जुने राजधानीचे गाव वाहून गेल्यावर, १८३० मध्ये राजधानी ला पाझला हलली, आणि तेव्हा कुठे या बंदराला कायमचा कारभार लाभला.

हा कारभार किती दुबळा होता, हे १८५३ च्या नोव्हेंबरात दिसले. विल्यम वॉकर हा अमेरिकन साहसवीर सान फ्रान्सिस्कोहून ‘कॅरोलाइन’ या जहाजाने केवळ पंचेचाळीस माणसांसह आला, ३ नोव्हेंबरला त्याने गव्हर्नरला कैद केले आणि ‘लोअर कॅलिफोर्नियाचे प्रजासत्ताक’ जाहीर करून तो स्वतःच त्याचा अध्यक्ष झाला. नवा गव्हर्नर थोड्याच दिवसांत बंदरात दाखल झाला, तर तोही वॉकरच्या हाती सापडला. वॉकर पुढे उत्तरेकडे सरकला, मोहीम फसली, आणि सान फ्रान्सिस्कोत तटस्थतेचा कायदा मोडल्याबद्दल चाललेल्या खटल्यात ज्यूरीने त्याला अवघ्या आठ मिनिटांत निर्दोष सोडले. नांगर टाकणाऱ्या प्रत्येक परक्या नावेकडे मेक्सिकन अधिकारी पुढे ज्या संशयाने पाहत, तो निष्कारण होता असे म्हणणे मग कठीण जाते.

दरम्यान मोत्यांचा धंदा चालूच होता. आखातापलीकडच्या सोनोरा प्रांतातील याकी पाणबुडे पूर्वी केवळ श्वास रोखून तळाशी जात. १८७० च्या दशकात धातूचे शिरस्त्राण आणि हवेची नळी असलेले पोशाख आल्यावर अधिक खोलवरचे शिंपले संपू लागले. गास्तोन विवेस याने १९०३ मध्ये कंपनी काढून एस्पिरितू सांतो बेटावर दगडी बांधाचे कालवे खोदले आणि त्यांत शिंपल्यांची पिल्ले वाढवली. हा जगातील अशा पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक होता, आणि १९१४ मध्ये मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत तो उद्ध्वस्त झाला. बांधांचे अवशेष सान गाब्रिएलच्या खाडीत अजून दिसतात.

१९४० च्या वसंतात कादंबरीकार जॉन स्टाइनबेक आणि सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स ‘वेस्टर्न फ्लायर’ या भाड्याने घेतलेल्या ७६ फुटी मच्छीमार बोटीने येथे आले, तेव्हा मोत्यांचे वैभव ओसरले होते. त्यांनी मेक्सिकन सरकारची परवानगी आधीच मिळवली होती आणि ते नेणार होते बाटल्यांत जतन केलेले खेकडे, तारामासे आणि समुद्री काकड्या; पाचवा हिस्सा मागावा असा माल त्यात नव्हता. खासगी नाव आता घेऊन जाण्यापेक्षा पाहण्यासाठी येऊ लागली होती.

कागद मात्र गेले नाहीत. परदेशातून येणारी नौका पहिल्या बंदरात पिवळे निशाण लावते. आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार त्याचा अर्थ ‘नौकेवर रोग नाही, किनाऱ्याशी संपर्काची मुभा द्यावी’ असा होतो. मुभा मिळाल्यावर ते उतरवून उजव्या बाजूस मेक्सिकोचे निशाण चढवले जाते. परवान्यांचा कारभार ‘कापितान दे पुएर्तो’, म्हणजे बंदर-अधिकारी, पाहतो. हवा बिघडली की बंदर ‘बंद’ जाहीर करण्याचा अधिकारही त्याचाच. निघण्याच्या परवान्याला ‘सार्पे’ म्हणतात, कारण ‘सार्पार’ म्हणजे नांगर उचलणे. पूर्वी हौशी नौकेलाही बंदरागणिक येण्याजाण्याची सारी कागदपत्रे करावी लागत; २००५ च्या सुधारणेने देशांतर्गत प्रवासात ते बरेच सुटसुटीत झाले. बोट मात्र कायद्याने आयात केलेली वस्तूच ठरते आणि तिच्यासाठी दहा वर्षांच्या मुदतीचा तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यावा लागतो. २०२१ पासून बंदर-अधिकाऱ्याची कचेरी नौदलाच्या अखत्यारीत आहे.

परवाने हाती आल्यावरही ला पाझमध्ये नांगर टाकणे सोपे नाही. शहरासमोर एल मोगोते नावाचा वाळूचा लांब दांडा आडवा पडला आहे आणि त्या दोहोंमधल्या अरुंद खाडीत भरती-ओहोटीची ओढ जोरदार असते. उन्हाळ्यात सायंकाळनंतर जमिनीवरून ‘कोरोमुएल’ वाहू लागतो. कोकणच्या खलाशाला तो मतलई वाऱ्यासारखा वाटेल. क्रॉमवेल नावाच्या एका चाच्यावरून हे नाव पडले, अशी दंतकथा आहे. वारा एकीकडे आणि ओढ दुसरीकडे खेचू लागली की शेजारशेजारच्या बोटी आपापल्या लयीत उलटसुलट फिरतात आणि कधी कधी एकमेकींवर आदळतातही. नाविक याला ‘ला पाझचे वॉल्ट्झ’ म्हणतात आणि म्हणूनच तेथे नांगर टाकताना दोन बोटींत नेहमीपेक्षा अधिक अंतर राखतात.