टेबलावरचं झाड आणि एका काचेच्या पेटीचा प्रवास

आजचा भाग ऐकताना जरा मान वळवून खोलीत नजर टाका. एखादं झाड दिसतंय का? बहुतेकांच्या घरात कुठेतरी मनी प्लांट असणारच. खिडकीत, फ्रीजवर, नाहीतर टेबलावर पाणी भरलेल्या रिकाम्या बाटलीत.

हा मनी प्लांट आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो परका आहे हे डोक्यातच येत नाही. त्याचं मूळ गाव मोओरेआ. पॅसिफिक महासागरात ताहितीच्या शेजारी असलेलं एक छोटं बेट. या वेलीला फुलं जवळजवळ येतच नाहीत, कारण फुलण्यासाठी लागणारं संप्रेरक तिच्यात नीट तयार होत नाही. म्हणजे बियांचा प्रश्नच नाही. जगभरातला मनी प्लांट एकाच्या फांदीवरून दुसरा, दुसऱ्याच्या फांदीवरून तिसरा, असा वाढलाय. शेजाऱ्याकडून न विचारता खुडून आणलेला मनी प्लांट जास्त फोफावतो, असं आपल्याकडे गमतीने म्हणतात ना? खुडून आणण्यावाचून त्याला दुसरा मार्गच नाही!

मग प्रश्न असा पडतो, की ज्या झाडाची बी मिळत नाही किंवा टिकत नाही, ते समुद्र ओलांडून जिवंत कसं पोचायचं? आजचा भाग त्याबद्दल आहे. शोभेच्या झाडांनी जग कसं ओलांडलं, आणि त्यांच्यासोबत आणखी काय काय आलं.

आधी सोपा प्रवास बघू. दसऱ्याला दाराला ज्याचं तोरण लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. हारात आणि फुलदाणीत दिसणारा निशिगंधही तिकडचाच. युरोपीय जहाजं अमेरिकेला जायला लागली, त्यानंतर ही फुलं आपल्याकडे आली. झेंडूचं बी वाळवून पुडीत बांधता येतं. निशिगंधाचा कंद बटाट्यासारखा पोत्यात टाकून नेता येतो. महिनोन् महिने त्यांना पाणी लागत नाही. म्हणून ही मंडळी लवकर पोचली, आणि इतकी रुळली, की त्यांच्याशिवाय आपला सण होत नाही.

पण प्रत्येक झाड असं नसतं. चहाचं बी लवकर मरतं. नेच्यांना, म्हणजे फर्नना, बीच नसतं. अशी झाडं न्यायची तर कुंडीसकट जिवंत न्यावी लागायची. जहाजावर खारं पाणी उडायचं, ऊन तापायचं, आणि गोडं पाणी मोजूनमापून मिळायचं. खलाशी स्वतः तहानलेला असताना झाडाला कोण पाणी घालणार? जॉन लिव्हिंगस्टन नावाच्या चीनमध्ये राहणाऱ्या एका डॉक्टरने १८१९ मध्ये अंदाज मांडला होता, की चीनहून इंग्लंडला पाठवलेल्या हजार झाडांपैकी जेमतेम एक जगतं. हजारात एक!

हे गणित बदललं ते लंडनच्या आणखी एका डॉक्टरमुळे. नाव नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड. राहायला पूर्व लंडनमध्ये, गोदीच्या जवळ. झाडांचं प्रचंड वेड, पण लंडनच्या हवेत कोळशाचा धूर इतका, की त्याने हौसेने लावलेले नेचे एकामागून एक मरून गेले.

१८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून ती माती झाकणाच्या बाटलीत भरली. कोषातून पतंग कसा बाहेर येतो ते त्याला बघायचं होतं. पण पतंगाच्या आधी मातीतून दोन कोंब वर आले, एक गवताचा आणि एक नेच्याचा. अंगणात जे जगत नव्हतं, ते बंद बाटलीत आपणहून उगवलं होतं.

त्याने निरीक्षण केलं. दिवसा उन्हाने मातीतलं पाणी वर जायचं, काचेवर थेंब जमायचे, आणि तेच थेंब परत मातीत उतरायचे. बाटलीच्या आत छोटासा पाऊस पडत होता म्हणा ना. बाहेरचा धूर आत नाही, आतला ओलावा बाहेर नाही. पाणी न घालता ती रोपं जवळजवळ चार वर्षं जगली. शेवटी झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि ती कुजली.

वॉर्डने मग लाकडी चौकटीच्या, घट्ट बंद होणाऱ्या काचेच्या पेट्या बनवून घेतल्या. १८३३ मध्ये नेचे आणि गवत भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. झाडं ठणठणीत पोचली. पण खरी परीक्षा परतीच्या प्रवासात होती. सिडनीत त्या पेट्यांमध्ये तिकडची झाडं भरली, आणि जहाज निघालं. वाटेत कधी कडक ऊन, कधी डेकवर बर्फ. आठ महिन्यांनी लंडनला पेट्या उघडल्या तर आत हिरवंगार! लॉडिजेस या तेव्हाच्या मोठ्या रोपवाटिकेचा मालक म्हणाला, की आधी वीसातली एकोणीस झाडं मरायची, आता वीसातली एकोणीस जगतात.

या पेटीला वॉर्डियन केस म्हणतात. आज रील्समध्ये काचेच्या बरणीत शेवाळ, खडे आणि इवलीशी झाडं लावून टेरेरियम बनवताना बघता ना? तो या पेटीचाच नातू.

इथून गोष्टीला दोन फाटे फुटतात. एक जातो दिवाणखान्यात, दुसरा मळ्यात.

आधी दिवाणखाना. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर रद्द केला आणि काच स्वस्त झाली. धुराने भरलेल्या शहरांत मध्यमवर्गीय घरांना अचानक घरात हिरवळ ठेवता येऊ लागली. नक्षीदार पेट्या आल्या आणि त्यांत नेचे लावायची फॅशन निघाली. ती इतकी वाढली, की चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ मध्ये त्या वेडाला नावच दिलं, टेरिडोमेनिया. कपबश्यांवर नेचे, पडद्यांवर नेचे, थडग्यांच्या दगडावरसुद्धा नेचे! तरुण मुली डबे घेऊन रानात नेचे गोळा करायला जायच्या. मुलींनी एकटीदुकटीने बाहेर पडायची सोय नसलेल्या त्या काळात, ही हौस म्हणजे त्यांच्यासाठी घराबाहेर पडायचं एक सभ्य निमित्तही होतं.

पण हौसेची किंमत रानाने मोजली. आयर्लंडमध्ये किलार्नीच्या परिसरात एक पातळ, पारदर्शक पानांचा नेचा वाढायचा. त्याला सतत ओलावा लागतो, म्हणजे काचेच्या पेटीसाठी अगदी योग्य. लोकांनी तो उपटून इतका विकला, की तिथून तो जवळजवळ नाहीसा झाला. एखादं दुर्मिळ झाड टेबलावर सुंदर दिसतं, म्हणून रानात दिसेनासं होतं. हे प्रकरण जुनं झालंय असं मला अजिबात वाटत नाही. आजही रानातून उपटलेली ऑर्किड्स विकली जातातच.

आता दुसरा फाटा, मळ्याचा. आणि तो थेट आपल्याकडे येतो.

१८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाला चीनमधून चहाची रोपं आणायला पाठवलं. परक्याला तिथल्या आतल्या भागात फिरायची परवानगी नव्हती, म्हणून तो चिनी कपडे घालून, वेणी लावून फिरला. पहिली खेप बहुतेक मेली. मग त्याने चहाचं बी थेट वॉर्डियन पेटीतल्या मातीतच पेरलं. प्रवासात ते उगवलं, आणि हजारो रोपं हिमालयाच्या उतारांवर पोचली. आसामात चहाचं झाड मुळातच होतं, पण दार्जिलिंगचा चहा उभा राहिला तो चिनी वाणावर.

पुढे सिंकोना. याच्या सालीपासून क्विनाईन बनायचं, आणि हिवतापावर तेव्हा तेच औषध होतं. झाड दक्षिण अमेरिकेतलं, आणि तिथल्या सरकारांना ते बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅमने पेट्या भरभरून रोपं काढली. पहिली खेप वाटेतल्या उष्णतेने गेली, पण पुढच्या प्रयत्नांतून निलगिरीत उटीला सिंकोनाचे मळे उभे राहिले. मग रबर. १८७६ मध्ये ब्राझीलहून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आल्या. उगवलेल्यांपैकी सुमारे १,९०० रोपं ३८ वॉर्डियन पेट्यांत घालून श्रीलंकेला पाठवली. त्यानंतर मलायात रबराचे अफाट मळे झाले, आणि तिथे राबायला तमिळ मजूर नेले गेले.

म्हणजे बघा, ज्या पेटीने लंडनच्या एखाद्या बाईचं टेबल सजवलं, त्याच पेटीने दुसऱ्या देशांची उत्पन्नं उचलून आणली. क्विनाईनने जीव वाचवले हे खरं, आणि मळ्यांनी माणसं राबवली हेही खरं. मला दोन्ही एकत्रच सांगावंसं वाटतं.

पेटीत आणखी एक गोष्ट असायची. माती. आणि मातीत किडे, बुरशी, अंडी. झाड जिवंत पोचायला लागलं तसे त्याचे रोगही जिवंत पोचायला लागले. हळूहळू सरकारांनी बाहेरून येणाऱ्या झाडांवर निर्बंध आणले. भारतातही १९१४ मध्ये घातक कीटकांविरुद्धचा कायदा झाला. विमानं आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर पेटीचं काम संपलं.

हौस मात्र संपली नाही. पुण्यात मुळा-मुठेवर, पिंपरी-चिंचवडमध्ये पवनेवर दरवर्षी जो हिरवा गालिचा पसरतो, ती जलपर्णी. ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती फिकट जांभळ्या फुलांसाठी, तळी सजवायला म्हणून जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती बंगालमध्ये आली. नद्या, खाड्या, भातशेती सगळं इतकं भरून गेलं, की १९३६ मध्ये तिच्यासाठी खास कायदा करावा लागला. अनुकूल हवामानात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. सांडपाणी मिसळलेल्या नदीत तर तिला आयतं खत मिळतं. डोंगरउतारावर दिसणारी घाणेरीसुद्धा बागेत शोभेला म्हणूनच भारतात आली होती. आज ती जंगलात स्थानिक झाडांची जागा खाते.

हे ऐकून टेबलावरचं झाड उचलून फेकू नका हं! उलट, फेकूच नका, एवढंच सांगायचंय. फिश टँकमधली वनस्पती नदीत किंवा नाल्यात ओतायची नाही. उन्हात पूर्ण वाळवून मग कचऱ्यात टाकायची. परदेशी वेल वाढली म्हणून तिच्या फांद्या टेकडीवर नेऊन लावायच्या नाहीत. मनी प्लांटसुद्धा श्रीलंकेच्या जंगलात उपद्रवी ठरलाय. आणि दुर्मिळ म्हणून कुणी झाड विकत असेल, तर ते रोपवाटिकेत वाढवलंय की रानातून उपटलंय, एवढं जरूर विचारायचं.

वॉर्डचं झाड चार वर्षं सुखात जगलं, कारण त्याच्यावर झाकण होतं. आपल्या घरातल्या झाडांना तसं झाकण नाही. ते काम आपल्यालाच करायचंय.

तुमच्या टेबलावर कुठलं झाड आहे आणि ते मूळचं कुठलं, हे शोधून मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत झाडांना पाणी घाला, पण बेतानं!