डोंगरातील धाव: चाकरीपासून शर्यतीपर्यंत

तळोद्याहून चांदसैलीच्या घाटाने धडगावकडे निघाले म्हणजे सातपुडा काय चीज आहे हे आधी पायांना कळते आणि मग डोळ्यांना. धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. दक्षिणेस तापीचे सपाट खोरे, उत्तरेस नर्मदा आणि या दोहोंच्या मध्ये डोंगरामागे डोंगर असा हा मुलूख आहे. पूर्वी तो धुळे जिल्ह्यात होता. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो नंदुरबारात मोडतो. वस्ती बहुतांशी पावरा व भिल्ल समाजाची. गाव म्हणून ज्याचे नाव कागदावर असते ते प्रत्यक्षात अनेक पाड्यांचे मिळून झालेले असते; एक घर या टेकडीवर, तर दुसरे पलीकडच्या उतारावर, आपापल्या शेतात. तेव्हा बाजार, शाळा, दवाखाना किंवा सोयऱ्याचे घर किती लांब आहे, हे येथे मैलांत सांगून भागत नाही. किती चढ आणि किती उतार, हे सांगावे लागते.

याच तालुक्यात अस्तंभ्याचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारे 1,325 मीटर. द्रोणपुत्र अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन अद्याप या रानात फिरतो व वाटसरूंपाशी तेल मागतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश या तिन्ही बाजूंनी हजारो माणसे, विशेषतः तरुण, हा डोंगर चढून जातात. कित्येक जण रात्रभर चालतात. यात्रेकरूच्या छातीवर क्रमांक नसतो, पायथ्याशी कोणी घड्याळ लावून बसलेला नसतो, आणि शिखरावर प्रथम कोण पोहोचला याची नोंद कोणी ठेवीत नाही.

आजच्या आमच्या विषयाचा आरंभ या नोंदीच्या अभावापासूनच होतो. डोंगर चढणे-उतरणे ही गोष्ट मनुष्याइतकीच जुनी आहे. तिची शर्यत झाली ती मात्र अगदी अलीकडे. या दोहोंत फरक कोणता? आम्हांस असे वाटते की, शर्यतीने पायांत नवे बळ घातले नाही. तिने धावणाऱ्याला नाव दिले. हे विधान पारखून पाहण्यासाठी आपण प्रथम आपल्याच इतिहासात थोडे मागे जाऊ.

सन 1660 च्या जुलै महिन्यातील 12 व 13 तारखांची ती रात्र प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, वर आषाढाचा पाऊस, आणि त्या अंधारात शिवाजी महाराजांची पालखी विशाळगडाकडे निघालेली. अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास. वाट चिखलाची, दगडांची व ओढ्यांची. पाठीवर शत्रूचे घोडदळ. डोंगरातील शर्यत म्हणतात ती याहून निराळी काय असते? फरक एवढाच की, येथे हरणे म्हणजे स्वराज्याचा अंत होता. घोडखिंड अडवून धरणाऱ्या बाजीप्रभूंचे नाव आपण आदराने घेतो. दुसऱ्या पालखीत बसून मृत्यूला सामोरे गेलेल्या शिवा काशीदाचेही घेतो. ते योग्यच आहे. परंतु ती पालखी ज्यांच्या खांद्यावर होती आणि जे रात्रभर चिखलातून धावले, त्या भोयांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

शंभर वर्षांनी असाच दुसरा प्रसंग येतो. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली. तिची वार्ता नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती 24 जानेवारीस, माळव्यात भेलसा येथे, आणि तीही सावकाराच्या पत्रातून. त्या पत्रातील सांकेतिक भाषा आपल्याकडे शाळेतील मुलांनाही ऐकून ठाऊक असते. परंतु थंडीच्या दिवसांत एवढी मजल मारणाऱ्या कासिदाचा विचार कोण करतो? पेशवाईत कासीद व जासूद हा रीतसर पेशा होता. वाटेत एकाचे बरेवाईट झाले तरी पत्र पोहोचावे म्हणून त्यांना पुष्कळदा जोडीने पाठवीत. ठरल्या मुदतीत पत्र पोहोचविण्याबद्दल जी मजुरी मिळे तिला अजुरा म्हणत. म्हणजे घड्याळ तेव्हाही होते! फक्त ते धावणाऱ्याच्या गौरवासाठी नव्हते, त्याची मजुरी ठरविण्यासाठी होते.

इंग्रजी अमलात या कासिदाचा डाकेचा रनर झाला. हातात घुंगरू लावलेला भाला, खांद्यावर टपालाची थैली, आणि नेमून दिलेला टप्पा. घुंगरांचा आवाज जनावरांना दूर ठेवण्यासाठी आणि पुढच्या टप्प्यावरील माणसाला सावध करण्यासाठी असे. 1854 साली टपालाचा नवा कायदा होऊन देशभर एक दर झाला, आगगाड्या सुरू झाल्या. तथापि रूळ जेथे संपत तेथून पुढचा डोंगर या रनरच्याच पायांनी ओलांडला जाई. पत्रावर पाठविणाऱ्याचे नाव असे, घेणाऱ्याचे असे. नेणाऱ्याचे नसे.

आता याच काळात विलायतेत काय घडत होते ते पाहू, कारण डोंगरी शर्यतीचा खेळ म्हणून जो प्रसार झाला तो तेथून. इंग्लंडच्या उत्तरेस सरोवरांचा एक डोंगराळ प्रदेश आहे. तेथील लोक डोंगराला ‘फेल’ म्हणतात. त्यावरून ‘फेल रनिंग’ हे नाव पडले. या खेळात सपाट धावपट्टी नाही. पायथ्यापासून शिखर गाठावयाचे आणि परत खाली यावयाचे. चढावर दमाची परीक्षा होते. उतारावर मांड्यांची, गुडघ्यांची आणि नजरेची होते, कारण पाऊल कोणत्या दगडावर टाकावयाचे हे दर क्षणाला ठरवावे लागते. जाणते धावपटू सांगतात की, चढावर मिळविलेली आघाडी उतारावर घाबरणारा गडी हटकून घालवतो.

ग्रासमिअर या गावच्या जत्रेत 1868 पासून वाटाड्यांची शर्यत होऊ लागली. शर्यतीच्या नावातच सर्व आले. प्रवाशांना डोंगर दाखविणारे वाटाडे, मेंढपाळ, शेतमजूर असे लोक तीत धावत आणि जिंकणाऱ्यास रोख बक्षीस मिळे. म्हणजे तेथेही धाव जन्मली ती कामातूनच. मात्र पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडली. हौशी खेळाचे नियम करणाऱ्या सभ्य मंडळींनी ठरविले की, जो पैशासाठी धावतो तो धंदेवाईक. त्याने हौशी शर्यतीत पाऊल टाकता कामा नये. चार नाण्यांचे बक्षीस घेतलेल्या गड्याला हौशी शर्यतीचे दार बंद झाले, आणि ही भिंत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत पुरती पडली नाही. ज्याला धावून पोट भरण्याची गरज नाही, तोच खरा खेळाडू, असा त्याचा अर्थ. तरीही डोंगर आपली माणसे ओळखतो. बॉब ग्रॅहॅम नावाच्या गृहस्थाने 1932 मध्ये चोवीस तासांच्या आत 42 शिखरे पार केली. पुढे 1975 मध्ये तेवढ्याच वेळात 72 शिखरे पार करणारा जॉस नेलर हा वॉसडेल खोऱ्यातील मेंढपाळ होता. त्याचे नाव आज त्या प्रदेशात मुलेही घेतात.

आपल्याकडे धावणाऱ्याला नाव मिळण्याचा पहिला मोठा प्रसंग आला तो पुण्यात. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहावयास सर दोराबजी टाटा आले होते. लांब अंतराच्या शर्यतीत धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील होते. पायांत काही नाही, शिकविणारा कोणी नाही, नियमांची माहिती नाही. असे असून त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या निघाल्या, असे दोराबजींनी पुढे एका पत्रात नमूद केले आहे. ते नुसते आश्चर्य करून घरी गेले नाहीत. त्यांनी स्वतःचे पैसे घातले, इतरांकडून मिळविले, आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा संघ रवाना झाला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. 22 ऑगस्ट रोजी मॅरेथॉनमध्ये ते 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत धावून एकोणिसावे आले. फिनलंडचा कोलेहमाइनेन पहिला आला. एकोणिसावा क्रमांक म्हणून कोणी नाक मुरडू नये. शतकानुशतके कागदाबाहेर राहिलेल्या धावणाऱ्याचे नाव, गाव आणि वेळ जगाच्या वहीत सेकंदासह लिहिली गेली, हे त्या दिवसाचे महत्त्व आहे.

दुसरे उदाहरण आपल्या काळातील, आणि धडगावच्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे. नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील एक मुलगी डोंगरवाटेने पाणी आणीत असे, अनवाणी धावत असे. ती कविता राऊत. दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत याच अंतराचे रौप्यपदक. लोकांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटले. वृत्तपत्रांनी पाण्याच्या हंड्यांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. परंतु हंड्यानेच धावपटू घडत असता, तर सह्याद्रीच्या प्रत्येक पाड्यावर पदके टांगलेली दिसली असती! तिला नाशिकमध्ये विजेंद्रसिंग यांच्यासारखा शिक्षक मिळाला, वर्षानुवर्षे नियमाने सराव मिळाला, पुढे धावण्यासाठी स्पर्धा मिळाल्या. चौगुल्यांना एक दोराबजी भेटले, कविताला एक गुरू भेटला. डोंगराने पाय दिले, आणि नाव दिले ते मनुष्याच्या व्यवस्थेने.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांतील नव्या हौसेकडे पाहिले पाहिजे. साताऱ्यात 2012 पासून यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन होते. 2015 साली पर्वतीय धावेतील सर्वाधिक सहभागाचा गिनेस विक्रम तिच्या नावे लागला. पुण्याजवळ सिंहगड, राजगड व तोरणा या किल्ल्यांना जोडणाऱ्या वाटेवर लांब पल्ल्याच्या शर्यती होऊ लागल्या आहेत. शेजारी गुजरातेत जुनागढला गिरनार चढण्या-उतरण्याची स्पर्धा भरते. तीत पुरुष गडी अंबाजीपर्यंतच्या सुमारे 5,500 पायऱ्या चढून परत खाली येतात. शहरोशहरी धावणाऱ्यांची मंडळे निघाली आहेत. डॉक्टर, वकील, बँकेतील नोकरदार, गृहिणी असे लोक पहाटे उठून टेकडी गाठतात. याची थट्टा करणारे आहेत. आम्ही त्यांतले नाही. खुर्चीला खिळलेल्या मनुष्याने डोंगराची वाट धरावी आणि आपल्या दमाची मर्यादा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, हे शरीराला हितकर आहे आणि अहंकारालाही.

परंतु एक गोष्ट या मंडळांच्या ध्यानी असावी. आपण वर्गणी भरून, बूट घालून, दर थोड्या अंतरावर पाणी घेऊन जी चढण चढतो, तशीच चढण अक्राणीत कोणी तरी गरजेने चढत असतो. दुर्गम पाड्यावरील आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, खांदे बदलीत, डोंगर उतरवून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या या भागातून पुनःपुन्हा येत असतात. पन्हाळ्याच्या भोयांची ती रात्र इतिहासजमा झाली असे आपण समजतो. सातपुड्यात ती अद्याप संपलेली नाही. या धावेला टाळ्या वाजविणे हा तिचा उपहास होईल. तिला रस्ता आणि जवळचा दवाखाना हेच उत्तर आहे.

म्हणून ‘आदिवासी मुले जात्याच काटक असतात’ हे वाक्य आम्हांस कौतुकाचे वाटत नाही. ते जबाबदारी झटकण्याचे वाक्य आहे. ज्या तालुक्यात बालकांचे कुपोषण ही जुनी व सर्वांस ठाऊक असलेली व्यथा आहे, तेथे जात्याच्या काटकपणावर विसंबून कसे चालेल? पायांना चढाची सवय असणे निराळे आणि त्या पायांना पोटभर सकस अन्न, सपाट मैदान, जाणता शिक्षक व वर्षातून चार स्पर्धा मिळणे निराळे. ग्रासमिअरच्या सभ्य मंडळींनी नियम करून वाटाड्याला दाराबाहेर ठेवले. आपण नियम केला नाही. पण प्रवेशशुल्क, प्रवासखर्च आणि बूट यांची भिंत उभी राहिली, तर परिणाम तोच होईल.

उद्या धडगावला डोंगरी शर्यत भरवावयाची झाली, तर ती शहरातील मंडळांसाठी सहल होऊ नये. आरंभरेषेवर पहिल्या रांगेत तेथील आश्रमशाळांची मुले-मुली असावीत, आणि शर्यत संपल्यावर वर्षभर त्यांना शिकविणारा मनुष्य तेथे राहिलेला असावा. अस्तंभ्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडविणाऱ्या पायांना वेगाची ओळख आपण करून द्यावयास नको. नोंदवही मात्र आपल्याला न्यावी लागेल. भोयांचे नाव आपण लिहून ठेवले नाही, कासिदाचे लिहिले नाही, रनरचेही लिहिले नाही. पुढे जो धावत येईल त्याचे नाव विचारून घेण्याइतकी तसदी या पिढीने घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.