मेंदूला मार लागल्यावर प्रोजेस्टेरॉन: उंदरांत चाललं, माणसांत का नाही?

प्रोजेस्टेरॉन म्हटलं की मासिक पाळी आणि गर्भधारणा आठवते. पण हे हार्मोन पुरुषांच्या शरीरातही असतं, आणि मेंदूतल्या पेशी ते स्वतःही थोडंफार तयार करतात.

अमेरिकेतले संशोधक डोनाल्ड स्टाइन यांना प्रयोगशाळेत एक गोष्ट खटकली. मेंदूला सारखीच इजा झाली, तरी काही माद्या नरांपेक्षा लवकर सावरत होत्या. ज्या माद्यांमध्ये प्रोजेस्टेरॉन जास्त, त्यांच्या मेंदूला सूज कमी. मग नर उंदरांनाही हे हार्मोन टोचून पाहिलं, तर त्यांचीही सूज उतरली. डोक्याला मार लागल्यावर पहिल्या धक्क्याने काही पेशी मरतातच. पण पुढचे काही तास-दिवस सूज आणि दाह यांमुळे आणखी पेशी मरत जातात. या दुसऱ्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन आडवं येतं, असा अंदाज होता.

2007मध्ये 100 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. महिन्याभरात मृत्यू झालेल्यांचं प्रमाण औषध न मिळालेल्यांत सुमारे 30 टक्के, तर औषध मिळालेल्यांत 13 टक्के. आकडा जबरदस्त वाटतो. मात्र औषध न मिळालेल्यांच्या गटात माणसं होती फक्त 23! इतक्या लहान गटात दोन-तीन मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी बरीच बदलते.

म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत 882 रुग्ण होते, दुसरीत जवळपास 1,200. दोन्हींचे निकाल डिसेंबर 2014मध्ये प्रसिद्ध झाले. फायदा शून्य. दुसऱ्या चाचणीत चांगले सावरलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत 50 टक्क्यांच्या आसपासच राहिलं. पहिली तर मध्येच थांबवली गेली, आणि तिच्यात औषध घेणाऱ्यांना शिरेला सूज येण्याचा त्रास उलट जास्त झाला.

असं का झालं यावर अजून वाद आहे. प्रयोगशाळेत उंदीर तरुण, निरोगी, आणि सगळ्यांची जखम एकसारखी. अपघातात मात्र एकाच्या मेंदूत रक्तस्राव, दुसऱ्याच्या तंतूंना ताण. कुणी विशीतला, कुणी साठीतला. त्यामुळे ‘हार्मोनने मेंदू बरा होतो’ अशी पोस्ट दिसली, तर ती उंदरांबद्दल आहे की माणसांबद्दल, एवढं आधी पाहावं. डोक्याला मार लागलेल्याला घरातली हार्मोनची गोळी देणं तर सरळ धोक्याचं आहे.

शरीरात प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं ॲलोप्रेग्नॅनोलोन मात्र वेगळ्याच वाटेने कामी आलं: 2019मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.