‘शाइन’चे मराठी प्रतिशब्द

पावसाळा सरला की लवळ्याच्या टेकड्यांवर ऊन ‘पडते’; ते ‘चमकत’ नाही. इंग्रजीत मात्र सूर्य, तारा, घासलेले भांडे आणि हुशार विद्यार्थी या सर्वांना ‘शाइन’ हे एकच क्रियापद पुरते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्याने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने पूर्ण केला. तो १८४७ साली मुंबईत छापला गेला. पहिल्या कोशात मराठी शब्दाकडून अर्थाकडे जावयाचे होते; दुसऱ्यात वाट उलटी झाली. अशा कोशात एका इंग्रजी शब्दाखाली मराठी शब्द शेजारी शेजारी बसतात आणि समानार्थी भासू लागतात. वस्तुतः सूर्य तळपतो, चांदण्या लुकलुकतात, तांब्याची भांडी लखलखतात, समई तेवते. ‘बातमी ऐकून तो चमकला’ म्हणजे तर तो दचकला!

भाषांतरात सर्वत्र ‘चमकणे’ योजणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही शिक्षक दोष देतो. परंतु आम्ही त्यांना केवळ क्रियापदे दिली. त्या क्रियापदांचे कर्ते दिले काय?